खंडेनवमीला निजवलेला संगणक

तिठा मागे पडला तेव्हा माझी मान अवघडून गेली होती. सुमंगलावैनी आता डोक्यावरचं खोकं मला परत द्यायला तयार नव्हती.

"तुझी पाळी झाली, बाई. आता डिचोलीपर्यंत माझी."

खोकं म्हणजे आमच्या वाचनालयाचा संगणक. त्याचा पडदा तिथेच ठेवून नुसतं यंत्र जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं आणि चुंबळीवर घेऊन आम्ही निघालो होतो. बस होती, पण खनिजाच्या ट्रकांच्या रांगेत ती सकाळपासून अडकून पडलेली. आम्ही रस्त्याच्या कडेने तांबडी धूळ खात चालत होतो आणि ट्रकवाल्यांना करमणूक झाली होती.

"काय गो वैनी, बांगडे हाडले काय?" एकाने खिडकीतून विचारलं.

"बांगडे नाय रे! तुमच्या मातीचे फोटो आसत. बघतंस?"

त्याने काच वर केली.

वैनी दोडामार्गाकडची, लग्न होऊन आमच्या गावात आली. शाळा सातवीतच सुटली, पण वाचनाचा नाद सुटला नाही. वाचनालयाचा केर काढायला ठेवली होती ती. झाडू ठेवून पेपर वाचत बसायची, म्हणून आधी बोलणी खाल्ली. मग वाचून दाखवते म्हणून म्हाताऱ्या जमू लागल्या, तेव्हा किल्लीही तिच्याकडेच आली. देणगीत संगणक मिळाला, त्यात विंडोजऐवजी फुकटातली लिनक्स घातलेली. अध्यक्ष अनंतबाबांनी त्याला हार घातला आणि पुन्हा कधी हात लावला नाही. वैनी चुकत-माकत शिकली. माझ्या बालवाडीच्या मुलांची नावंसुद्धा तिनेच टाइप करून दिली होती.

त्या पावसात खाणीच्या ढिगाऱ्याची माती ओहोळातून शेतात उतरली. वैनी मोबाइल घेऊन बांधाबांधाने फिरली. कोणाची विहीर तांबडी झालेली, कोणाचं भात गाळात आडवं पडलेलं. तिने सगळ्याचे फोटो काढून संगणकात ठेवले आणि मोबाइलमध्ये जागा उरेना म्हणून तिथले पुसून टाकले. खाण वाढवायची की नाही, याची जनसुनावणी सोमवारी होती. ते फोटो नसते तर आम्ही काय दाखवणार होतो, हातवारे?

आणि नेमकी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं निजतात. कोयता, नांगर, शिवणयंत्र, ट्रकसुद्धा धुऊन-पुसून हळद-कुंकू लावून ठेवायचा आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. संगणक तेव्हा अपडेट घेत होता, पडद्यावरची पट्टी अर्धी भरलेली. भटजींना पुढच्या घरी जायची घाई.

"चालत्या यंत्राची पूजा करतात काय? निजव त्याला," अनंतबाब म्हणाले. वैनीने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि खोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला चालू केला तर नाव-पासवर्ड घेई, क्षणभर काळा होई, आणि परत नाव-पासवर्डच मागे. कितीदा टाकलं तरी तेच.

"पासवर्ड हिच्याशिवाय कोणाला ठाऊक?" अनंतबाबांनी देवळाच्या मंडपात चारचौघांत विचारलं. "हिनेच बदलला. फोटो मुळात नसतीलच! उगाच लोकांना नादी लावलं."

मग म्हणाले, देवापुढे नारळ ठेवून सांग. वैनीने नारळावर हात ठेवला आणि सांगितलं, "मी काय बदलूक नाय." आम्हाला वाटलं, संपलं. तर हे म्हणतात, "पण उघडत नाही ना? उद्या दुपारी म्हापशाहून माणूस येईल. फॉर्मॅट मारून सगळं साफ करील."

आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. देवाला साक्षीला बसवायचं आणि त्याची साक्ष मानायची नाही, हे कुठलं शास्त्र? मी रोज दिवा लावणारी बाई आहे. त्या दिवशी मंडपातून पाया न पडता बाहेर आले.

म्हापशाचा माणूस यायच्या आत म्हणून आम्ही सकाळीच निघालो होतो. डिचोलीच्या बाजारामागे किरणचं दुरुस्तीचं दुकान. त्याने खोकं आपल्या पडद्याला जोडलं, वैनीला पासवर्ड टाकायला सांगितलं आणि नुसता बघत राहिला.

"पासवर्ड चुकला असता तर चुकला म्हणून सांगितलं असतं. हा तुम्हाला आत घेतो आणि परत उंबऱ्यावर आणून सोडतो." त्याने तीन कळा एकदम दाबल्या. चित्रं गेली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. "इथे टाका बघू."

वैनीने टाकलं. ती आत गेली.

"म्हणजे माझो पासवर्ड बरोबर होतो!"

"बरोबरच होता. चित्रं दाखवणारा भाग तेवढा मोडलाय. अपडेट चालू असताना बंद कोणी केला?"

वैनी माझ्याकडे बघू लागली. मीच सांगितलं, "पूजेसाठी निजवला."

"निजवला?" किरणला हसू आवरेना. "अहो, अर्धा चावलेला घास तोंडात ठेवून झोपवलात की त्याला!"

मला राग आला, पण वैनीही हसली. किरणने दुरुस्तीला हात घालण्याआधी त्या काळ्या पडद्यावरूनच सगळे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवले आणि दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवले. तांबडी विहीर दिसली तेव्हा वैनीने डोळ्यांना पदर लावला. मग त्याने अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं केलं. तरी परत उंबरठाच. पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे चित्रं उमटवणारा प्रोग्रॅम, काढून नव्याने घातला, तेव्हा कुठे ते नेहमीचं निळं चित्र आलं.

"चल," मी म्हटलं, "आता सरळ मंडपात. बटण कोणाच्या सांगण्यावरून बंद झालं ते विचारते त्यांना! नारळ घेऊनच जाऊ!"

"नको गो. आता त्यांका समजावन काय होतला? सोमवारी समजात."

दुकानाच्या पायरीवर ती थांबली. तिचा नवरा दादू अनंतबाबांच्याच खनिजाच्या ट्रकवर चालक, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मंडपातून घरी गेल्यावर काय झालं ते मात्र तिने मला तेव्हाच सांगितलं. बायको सुनावणीत बोलली तर ट्रकची चावी ठेवून जा, असं अनंतबाबांनी त्याला बजावलं होतं. तो रात्रभर तिच्याशी बोलला नव्हता.

तिने पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत कोंबली.

"ही तुझ्या देव्हाऱ्यात ठेव, बाई. सोमवारी माका घरातून सोडूक नाय, तर माझी वाट बघू नको. तूच घेवन जा. आणि फोटो कोणी काढले म्हणून इचारल्यानी, तर 'गावच्या बायांनी' म्हणून सांगू नको. माझा नाव सांग."