चारचा फोन

शहापूरच्या एस.टी. स्टँडसमोर हौसाबाईचं टेलिफोन बूथ होतं. आसपासच्या गावांत फोन कुठले? लोक बिनदिक्कत तिचाच नंबर सगळीकडे देत. निरोप ती इमानेइतबारे पोचवी. गुपित मात्र तिच्यापाशी टिकत नसे, तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

२००२ साली मुरबाडकडची कुणाली कॉलेज सुटलं की बूथवर येऊन बसे. चार वाजता भातसानगरच्या मितेशचा फोन यायचा. हौसाबाईनं फोन उचलला की तो आधी तिलाच विचारी, "मावशी, आली का? संगं कोण हाय?" हौसाबाईला भारी कौतुक वाटे, कुणालीला ती म्हणे, "काळजी करतो तो." तिच्या नवऱ्यानं मरेपर्यंत 'जेवलीस का' असंही विचारलं नव्हतं. ती सगळं सांगे, "दोन मैत्रिणी हायत, नुसत्या हसतायत. कुणालीनं आज निळा ड्रेस घातलाय." आठवड्यात त्या मैत्रिणी येईनाशा झाल्या. मग कुणालीचा निळा ड्रेस दिसेना, मग हसणंही. हौसाबाईला वाटलं, पोर शहाणी झाली.

एक दिवस ठाण्याहून फोन आला. कुणालीचा नर्सिंगला नंबर लागला होता, सोमवारी मूळ दाखले घेऊन बोलावलं होतं. कुणाली अजून यायची होती. तेवढ्यात चार वाजले आणि हौसाबाईनं आनंदाच्या भरात ती बातमी आधी मितेशला देऊन टाकली.

मंगळवारी कुणाली आली, ठाण्याला न जाताच. दाखले मितेशनं 'सांभाळायला' म्हणून कधीच नेले होते. आता तो देईना.

"मावशे, त्याला कशाला सांगितलंस गो? मी काय बी सांगून काढून घेतले असते."

हौसाबाईला तोंड दाखवायला जागा उरली नाही. काळजी समजून ती वर्षभर त्याच्या वतीनं पोरीवर पहारा देत होती. पुढं बूथवर येणाऱ्या प्रत्येक पोरीला ती बजावी, "रोज ठावठिकाणा इचारतो त्याच्यापासनं जपून ऱ्हा." पोरी हसत, "मावशी, काळजी करतो तो." तिचेच शब्द होते.

कुणालीचं मितेशशी लग्न झालं. दोन वर्षांनी ती एक पिशवी घेऊन बाकावर येऊन बसली. कायमची माहेरी निघाली होती. चार वाजले, फोन वाजला.

"मावशी, कुणाली तिथं हाय का?"

"नाय रे," हौसाबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं काही पोटात ठेवलं.

कुणाली उठली. चारच्या फोनला उत्तर द्यायची तिची सवय सुटली नव्हती; तिनं रिसीव्हर घेतला. "मी इथंच हाय. मावशीनं बघितलं नाय मला. येते घरी."

मुरबाडची गाडी समोरच उभी होती. ती भातसानगरच्या गाडीत जाऊन बसली.