शेजारणीचा ताप

समोरच्या वहिनींना दर साल मलेरिया व्हायचा. दौलतगंजच्या गल्लीत आमची दारं समोरासमोर. त्यांचं लहानपण नाल्याकाठच्या गावात गेलं, तेव्हापासूनची ही खोड. नवरा औषधं घेऊन यायचा आणि मी ओट्यावरून ओरडायचो, "काय रे, आला का यंदाही पाहुणा? माझी बायको बघ, आयुष्यात कधी तापली नाही."

आतून ही म्हणायची, "तुम्हीच दृष्ट लावा मला."

गेल्या साली दोघी एकाच आठवड्यात तापल्या. वहिनी दवाखान्यात जाऊन आल्या आणि आठ दिवसांत ओट्यावर भाजी निवडायला बसल्या. हिचा ताप फार चढला. मी सुनेला म्हटलं, अंगात दम आहे म्हणून ताप जोराचा, उतरेल. दोन दिवस घरीच ठेवली. ती चूक माझी. मग मुरारच्या मोठ्या दवाखान्यात नेली, तिथून परत आणला तो देहच.

मी चौथी शिकलेला. डॉक्टरला सरळ विचारलं, रोगट बाई वाचली, धडधाकट कशी गेली? पोरगा भला होता, बसवून समजावलं. म्हणाला, "बाबा, मलेरियाचा जंतू रक्तात शिरला की शरीर आपल्याच आत निरोप धाडतं. साइटोकाइन म्हणतात त्यांना. ताप तेच चढवतात. काही निरोप सांगतात मारा, काही सांगतात आता पुरे. वारंवार मलेरिया झालेल्यांचं शरीर 'पुरे' म्हणायला बहुतेक शिकलेलं असतं. आजींचं पहिल्यांदाच लढत होतं. मारा-मारा थांबलंच नाही, त्यात आपलंच अंग होरपळलं."

म्हणजे ज्या तापांना मी हसलो, ते वहिनींच्या कामी आले. तेव्हापासून त्यांच्या बांगड्या वाजल्या तरी मी खिडकी लावतो.

यंदा पितृपक्षात अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. सून म्हणाली, "बाबा, समोरच्या काकूंनाच सांगते."

"दुसऱ्या सगळ्या मेल्या का?"

"आईंना कोण आवडलं असतं, ते सांगा."

दोघी रोज एकमेकींच्या घरचं चाखायच्या. समोर गेलो, दार वाजवलं, म्हटलं, "उद्या जेवायला या." वहिनी रडायला लागल्या. मला तेही आवडलं नाही.

आल्या. पाटावर बसल्या. मी स्वतः वाढलं. पुरणपोळीवर तूप ओतताना वाटलं, हा घास हिचा होता. त्यांनी दुसरी पोळी मागितली नाही, तर मीच दटावलं, "लाजता काय, पोटभर खा. तिच्या नावचं आहे." सुनेनं ओटी भरली. रीत म्हणून मी नमस्काराला वाकलो, तर त्या मागे सरकल्या, "भावजी, अहो, मी लहान!"

"तुम्हाला नाही करत," मी म्हटलं.

नवरा दारात उभा होता. "झालं का गं?"

"झालं," मीच म्हटलं. "घेऊन जा हिला."

तो घेऊन गेला. गल्ली ओलांडताना त्यानं तिचा हात धरला होता, आणि मी दार लावलं नाही, बघत राहिलो, जळत.