पाढे तीसला संपतात
लग्नानंतर आम्ही गांधीबागेत कापडबाजाराच्या मागे खोली घेतली. आम्ही म्हणजे मीच. सदुसष्ट साल असेल. हे काटोलच्या शाळेत गणित शिकवायचे, तिथंच दोन मास्तरांसोबत राहायचे आणि शनिवारच्या बसने यायचे. रविवारी जेवण, झोप, की परत बस. आठवडाभर मी शेजारपाजारची पोलकी शिवायची. शिक्षण सातवी, ऐट मॅट्रिकची.

शिवणमशीनच्या पट्टीवर नंबर कोरला होता, २०२२१६१. दिवसभर तोच नजरेसमोर. एका दुपारी दोनापासून तीसपर्यंतच्या सगळ्या पाढ्यांनी त्याला भागून पाहिलं. कशानेच भाग जाईना.

घरमालकीण डोकावली. "काय वं, माह्यं पोलकं टाकून आकडे मांडून राहिली?"

"मूळ संख्या सापडली, काकू."

"सापडली तं ठेव डब्यात. बाह्या कधी लावशीन?"

मला तर भरून आलेलं. एक आणि आपण स्वतः, बाकी कोणी ज्याच्या वाटेला जात नाही असा तो आकडा, आणि तशीच मी. शाळेत पाढे तीसपर्यंत शिकवले म्हणजे जगातले पाढे तीसला संपतात, हे माझं ज्ञान. ते मी यांना चार पानी पत्रात कळवलं. आता हेही चार पानं लिहितील, असं वाटलं.

पोस्टकार्ड आलं. "एकतीसने भाग जातो. मग सदतीस, एकेचाळीस, त्रेचाळीस." खाली सही, आडनावासकट. ज्याच्यासाठी मी डोळे पुसले, त्याच्या पोटात चौघांचं घर नांदत होतं, आणि माझे पाढे दाराशीच थांबले होते.

मग मी डाव मांडला. १००९ आणि १०१३ घेतले. एकतीसपर्यंत कशानेच त्यांना भाग जात नाही, आणि बत्तीस गुणिले बत्तीस तर दोघांच्याही पुढे जातं. म्हणजे या दोन्ही खऱ्या मूळ. त्यांचा गुणाकार केला, १०२२११७, आणि शनिवारी यांच्यापुढे ठेवला. "याचे अवयव पाडून दाखवा."

रविवारी सकाळीच हे कागद घेऊन बसले. मी समोर. लहानापासून एकेक मूळ संख्या घ्यायची, भागून पाहायची, खोडायची. जेवतानाही ताटाशेजारी कागद. बसची वेळ झाली तेव्हा सातशे एकोणीसपर्यंत आले होते.

"पुढच्या रविवारी होईन," म्हणाले. दिवसभरातलं ते तिसरं वाक्य. पहिलं, "साखर कमी झाली वं." दुसरं, "पेन्सिलीले टोक काढून दे."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी यांनी कागद बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं असतं. मग बोलायचं काय, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?