‘हाय’ म्हणणारे नाना

एका अक्षराची खरी किंमत काय पडते, हे मी एसटी स्टँडवर चहा विकताना शिकलो. ‘ह’ऐवजी ‘न’ ऐकू आला, की पोलादपूरच्या वर, पिंपळवाडीत, म्हैस पिळायची राहते, रांधलेला भात गार होतो, शेजारणीकडे ठेवलेलं पोर रडून झोपतं आणि त्याची आई इकडे बाकड्यावर पदर गुंडाळून पहाट होण्याची वाट बघते.

ही किंमत ज्यांनी ओळखली, ते आमचे दत्तारामनाना साळेकर पंचाहत्तर वर्षांचे झाले. मूळचे तुडीलचे नाना आमच्या स्टँडवर नियंत्रक होते. गाड्या सोडायच्या आणि भोंग्यावरून पुकारायच्या, हे त्यांचं काम. माझी केटली तेव्हा नवी होती. त्यांच्या खिडकीत पहिला चहा ठेवताना मी ऐटीत म्हणालो, “नाना, माझ्या चहापायी लोक पिंपळवाडीची गाडी सोडतात.”

नानांनी घोट घेतला. “साखर कमी हाय रे,” एवढंच म्हणाले.

पण संध्याकाळची ती गाडी खरंच रिकामी जात होती. माणसंच मिळत नाहीत म्हणून फेरी बंद करायचं वर घाटत होतं. नानांना ते फार लागलं होतं. “मी पुकारतो नि माणसं बसून राहतात. मग मी इथं करतोय काय?” असं ते मला म्हणाले.

एके दिवशी पुकारून झाल्यावर ते खिडकी सोडून बाहेर आले. बाकड्यावर एक म्हातारी पिशवी उशाला घेत होती.

“कुठं जायचं, आये?”

“पिंपळवाडीला. पन आज गाडी नाय ना.”

“कोन म्हनतो नाय?”

“तूच तर वरडलास रे मघाशी.”

नाना ‘गाडी हाय’ म्हणाले होते. भोंग्याच्या खरखरीत त्याचं ‘नाय’ होत होतं. नानांनी स्वतः पिशवी उचलून त्या आजींना गाडीत बसवलं.

“सरळ ‘आहे’ म्हणा की,” मी सुचवलं. दुसऱ्या दिवशी नानांनी शुद्ध भाषेत पुकारलं. बाकड्यावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, “बातम्या लागल्या वाटतं गो.” जागचं कुणी हललं नाही.

तेव्हापासून पुकारून झालं की नाना बाकड्याबाकड्याने फिरत. पाचाडचा शेतकरी असो की औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून आलेला कामगार, प्रत्येकाला विचारत, “कुठं जायचं?” डेपोच्या साहेबांनी हटकलं, “हे तुमच्या कामात कुठं बसतं?” नाना म्हणाले, “साहेब, माणूस गाडीत बसला, की माझं पुकारून झालं.”

फेरी वाचली. पिंपळवाडीची गाडी आजही भरून जाते, आणि आता खिडकीत बसणारी मुलगीही पुकारून झालं की बाकड्यांवरून एक चक्कर मारते.

नानांचे गुडघे असेच चालते राहोत, आवाज खणखणीत राहो आणि शंभरीच्या गाडीतही त्यांना खिडकीजवळची जागा मिळो, हीच आम्हा सर्वांची इच्छा.

आता माझ्या चहाचं सांगतो. नाना बाकड्यांवरून फिरू लागले, त्या आठवड्यापासून माझी संध्याकाळची केटली अर्धी भरलेली घरी येऊ लागली.