पंचिंगच्या खोलीतल्या शकुंतलाबाई

शकुंतलाबाई लघाट्यांना झाशीच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला बोलावलं, तेव्हा त्यांचं शिक्षण किती म्हणाल, तर इंटर, म्हणजे बारावी पास, तेही सेकंड डिव्हिजनमध्ये. पण बोलावणाऱ्याचीच नड मोठी होती. वरच्या कुठल्याशा कमिटीने बीसीएच्या शेवटच्या वर्षाला 'संगणकाचा इतिहास' असा पन्नास मार्कांचा पेपर घालून ठेवलेला, आणि तो शिकवायला विभागातलं एक माणूस तयार होईल तर शपथ. सगळ्यांना नव्या नव्या भाषा शिकवायच्या होत्या, मान त्यात होता. भंगारात गेलेल्या यंत्रांचं तेरावं घालायला कोण उभं राहणार?

विभागप्रमुख श्रीकृष्ण तारे लांबच्या नात्याने बाईंचा पुतण्या लागे. दोन हजार चारच्या जुलैत तो प्रेमनगरला बाईंच्या घरी आला, पोह्यांच्या दोन बशा संपवल्या आणि म्हणाला, "काकू, तुम्ही हे सगळं स्वतःच्या हाताने केलंय. आठवड्याला दोन तास पोरांना सांगा, बस. गेस्ट लेक्चरर म्हणून नाव लावतो." रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा भोपाळला. बाईंनी हो म्हटलं, आणि सदर बाजारात जाऊन दोन नव्या सुती साड्या आणल्या. इतकी हौस त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच वाटली असेल.

त्यांनी हाताने केलं होतं म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पासष्ट साली, एकविसाव्या वर्षी, शकुंतलाबाई एका मोठ्या सरकारी कचेरीत पंचिंगच्या खोलीत लागल्या. कचेरीचं नाव कशाला घ्या, ज्यांनी सदतीस वर्षं मीठभाकर दिली त्यांची चर्चा नको. त्या काळी संगणकाला आकडे द्यायचे तर जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून द्यावे लागत. एका कार्डावर ऐंशी उभे रकाने, प्रत्येक रकान्यात एक आकडा किंवा अक्षर. बाईंच्या पुढ्यात मालाच्या नोंदींचे कागद, बोटांखाली कळा, आणि तासाला आठ हजार ठोके. पण खरी गंमत त्याच्या पुढे. ते कार्ड तसंच कुणी घेत नसे. पलीकडच्या यंत्रावर दुसरी बाई बसायची. ती पहिलीचं कार्ड यंत्रात घालायची, पण वाचायची नाही, मूळ कागदच पुढे घेऊन सगळं पुन्हा नव्याने ठोकायची. दोघींचे ठोके जुळले, तर कार्डाच्या कडेला यंत्र एक खाच पाडी. नाही जुळले, तर कळा अडायच्या आणि लाल दिवा लागायचा. खाच नसलेलं कार्ड खोलीबाहेर जात नसे.

ही दुसरी बाई म्हणजे अनुसूया मोघे. एकोणीस वर्षं दोघी शेजारी बसल्या आणि त्यांतली निदान दहा भांडल्या असतील. लाल दिवा लागला की अनुसूया शांतपणे म्हणायची, "शकू, परत कर." शकूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. परत केलं की चूक शकूचीच निघायची, आणि चारातून एकदा अनुसूयेची. त्या एकदाच्या दिवशी शकुंतलाबाई डब्यातला गूळशेंगदाणा सगळ्या खोलीला वाटत. एकोणनव्वद साली खोली बंद झाली, दोघींना जावक विभागात पाकिटं चिकटवायला बसवलं. अनुसूया त्या कंटाळ्यातच गेली असं बाईंचं मत होतं. डॉक्टरांनी कारण वेगळं लिहिलं होतं.

तर अशा या बाई एकेचाळीस पोरांपुढे उभ्या राहिल्या. हिंदी त्यांची झाशीची, म्हणजे अर्धी बुंदेली, त्यामुळे पोरं पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी ऐकायला लागली. बाईंनी फळ्यावर सनावळ्या लिहिल्याच नाहीत. चौकटीचे कागद वाटले, दोघादोघांच्या जोड्या लावल्या, उरलेल्या एकाला एका जोडीत तिसरा घातलं, आणि एकच मजकूर दोघांकडून वेगवेगळा उतरवून घेतला, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. एकेचाळीस शिकल्यासवरल्या पोरांत एक जोडी बिनचूक निघेल तर! "आता कळलं," बाई म्हणाल्या, "माणूस एकटा असला की चुकतो. म्हणून आम्ही दोघी होतो." खरं सांगतो, युनिव्हर्सिटीतल्या भल्याभल्यांना हा धडा असा शिकवता आला नसता. त्या दिवशी बाई घरी चालत गेल्या, ऑटो केली नाही, इतक्या त्या खूश होत्या.

मागच्या बाकावरच्या पोरांनी मात्र विचारायचं ते विचारलंच. "मैम, एग्ज़ाम में क्या आएगा?"

फेब्रुवारीत एका पोराच्या हातात बाईंना कुंजी दिसली. बाजारात मिळणारं, प्रश्नोत्तरांचं पातळ पुस्तक. बाईंनी चष्मा लावून पंचकार्डांचं पान काढलं. तिथे ठळक अक्षरात छापलं होतं: "पंचिंग का कार्य अकुशल महिला कर्मचारी करती थीं। इनकी त्रुटियों के कारण यह प्रणाली विफल हुई।"

बाईंनी ते दोनदा वाचलं. अकुशल. आणि त्यांच्या चुकांमुळे सगळी पद्धत बुडाली. पडताळणीचा, दुसऱ्या बाईचा, त्या खाचेचा एका शब्दाने उल्लेख नाही. चोवीस वर्षांत महिन्याला दहा चुकीची कार्डंसुद्धा त्या खोलीबाहेर पडली नव्हती. खोली बंद झाली ती माणसापुढे पडदा आणि कळफलक आला म्हणून, त्यात बायांचा काय दोष? हे कुठला शहाणा लिहून गेला, त्याने आयुष्यात एक कार्ड तरी हातात धरलं होतं का?

"हे लिहायचं नाही," बाई वर्गाला म्हणाल्या. "मी सांगितलं ते लिहायचं."

"मैम, नंबर कट गए तो?"

आणि इथे बाई चुकल्या. ही चूक त्यांच्यासारख्या बाईच्याच हातून व्हावी. जिच्या जगात कुठलीही गोष्ट दुसऱ्या माणसाने नव्याने केल्याशिवाय खरी मानली जात नव्हती, तिला वाटणार तरी काय? त्या ठामपणे म्हणाल्या, "पहिला चुकला तर दुसरा वाचेलच की. कुणी एकटा थोडाच तपासतो?"

चाळीस पोरांनी मान डोलावली आणि एप्रिलमध्ये निमूटपणे कुंजीतलं उत्तर लिहून आली. बाईंवर विश्वास ठेवला तो एकटीने. जानकी शितोळेने.

जानकी ओरछा गेटजवळ राहायची. बाप जयसिंग शितोळे एका गोदामावर पहारेकरी. कधीकाळी पूर्वज फौजेबरोबर आलेले, आता घरात मराठी उरली ती देवाच्या आरतीपुरती आणि भांडणापुरती. पोरीला मराठी समजायची सगळी, बोलताना अडखळायची. पण वर्गात बाई मध्येच मराठीत काही बोलून गेल्या की हिचा चेहरा उजळायचा. ग्वाल्हेरला पुढचं शिकायचं तिच्या मनात होतं. तिने वीस मार्कांच्या त्या प्रश्नाला साडेतीन पानं लिहिली. दोघी बाया, खाच, लाल दिवा, चौकटीत आकृतीसुद्धा काढली.

वीसपैकी दोन मिळाले. पन्नासात सतरा. पास व्हायला वीस लागत होते.

शकुंतलाबाईंना हे कळलं तेव्हा त्या घाबरल्या नाहीत, उलट तावातावाने रिक्षा करून युनिव्हर्सिटीत गेल्या. स्क्रूटिनीचा, म्हणजे फेरतपासणीचा, फॉर्म असतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या डोक्यात तो फॉर्म म्हणजे पलीकडचं यंत्र, दुसरी अनुसूया. त्यांनी जानकीकडून तो भरून घेतला आणि महिनाभर तिला धीर देत राहिल्या. महिन्याने कागद आला: कोई परिवर्तन नहीं.

परीक्षा विभागाच्या खिडकीतला बाबू तसा सज्जन होता. त्याने समजावून सांगितलं. "अम्मा, स्क्रूटिनी में कापी पढ़ते थोड़े ही हैं. नंबर फिर से जोड़ते हैं, जोड़ सही है."

"आणि उत्तर? उत्तर दुबारा कौन पढ़ता है?"

"दुबारा कोई नहीं पढ़ता, अम्मा."

बाई खिडकीसमोर उभ्या राहिल्या, मागचा माणूस सरका म्हणाला तेव्हा सरकल्या. त्यांना आजवर वाटत आलं होतं की पोराबाळांच्या आयुष्याचा निकाल मालाच्या आकड्यांपेक्षा तरी जास्त काळजीने लावत असतील. भाबडेपणाची हद्द झाली, दुसरं काय.

श्रीकृष्णाकडे गेल्या तर त्याने हात वर केले. "काकू, तपासनीस बाहेरचा असतो. त्याला तीनशे उत्तरपत्रिका दिलेल्या, तो कुंजीशी जुळवून बघतो. तुम्ही कोर्सच्या बाहेर जायला नको होतं."

जयसिंगाने पोरीला एकदाच सांगितलं होतं. बॅक पेपर, म्हणजे नापास विषयाची फेरपरीक्षा, निघाला तर ग्वाल्हेर, नाही निघाला तर दतियाचं स्थळ तयार आहे. त्यात त्याचंही फार चुकलं असं म्हणवत नाही. पोरीला मास्तरणीने बुडवलं, एवढंच त्याला दिसत होतं, आणि ते खोटं कसं म्हणायचं?

ऑक्टोबरात, बॅक पेपरच्या बारा दिवस आधी, जानकी प्रेमनगरला आली. बाईंना वाटलं, आता ही दोन शब्द सुनावणार. मनाची तयारी करून त्यांनी दार उघडलं. पण पोरगी पिशवीतून कुंजी काढून समोर ठेवून म्हणाली, "काकू, हे तुम्ही पाठ करून घ्या माझ्याकडून."

"मी?"

"घर पे बैठती हूँ तो हात आपोआप तुमचंच लिहितो. दोनदा लिहून पाहिलं. तुमच्यासमोर हे म्हणता आलं तर कुठेही म्हणता येईल."

बाईंनी तिला पाणी दिलं. तांब्या जागेवर ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायचं कशाच्या जोरावर? त्यांच्या स्वाभिमानाचं बिल एकदा त्या पोरीच्या नावावर फाडून झालं होतं. बाहेर येऊन त्यांनी चौकटीचे कागद काढले.

रोज दुपारी चारला जानकी यायची. पद्धत बाईंची तीच, दुसरी त्यांना येतच नव्हती. समोरासमोर बसायचं, कुंजी मध्ये उलटी ठेवायची, दोघींनी एकमेकींचं न बघता पूर्ण उत्तर लिहायचं आणि मग कागद खिडकीला लावायचे. म्हणजे बाईंनाही ते पाठ करावं लागलं. रोज एकदा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की त्या अकुशल होत्या. अनुसूया अकुशल होती. त्यांच्या चुकांनी सगळं बुडालं.

पहिल्या दिवशी जानकीच्या कागदावर तिसऱ्या ओळीत दुसरी बाई आली.

"चूक," बाई म्हणाल्या. "परत कर."

तिसऱ्या दिवशी खाच आली. पाचव्या दिवशी 'अकुशल'च्या जागी 'कुशल' पडलं, आणि पोरगी रडकुंडीला आली. "काकू, मला नाही लिहवत."

"परत कर," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पोरगी गेल्यावर मात्र त्या ढसाढसा रडल्या. लाज वाटली म्हणून रडल्या, आणि हे मी सांगायला नको होतं, पण सांगितलं.

दहाव्या दिवशी दोन्ही कागद काचेवर अक्षराला अक्षर जुळले. काना चुकला नाही, मात्रा चुकली नाही. जानकीने विचारलं, "बरोबर आहे ना काकू?" चोवीस वर्षांत चुकीच्या कार्डाला बरोबर न म्हणालेल्या शकुंतलाबाई म्हणाल्या, "बरोबर आहे."

वीसपैकी अठरा मिळाले. पोरगी ग्वाल्हेरला गेली. बाईंना विभागातून पुन्हा बोलावणं आलं नाही, तो तास आता कुणी तरुण मास्तर कुंजी वाचून घेतो असं कानावर आलं.

पुढच्या दिवाळीत जानकी पेढे घेऊन भेटायला आली. तब्येत सुधारलेली, मराठीही आधीपेक्षा सफाईदार, तिथे होस्टेलात मराठी मुली होत्या. खूप बोलली. बोलता बोलता म्हणाली, "काकू, आमच्या सरांनी क्लासमध्ये पंचकार्ड का बंद पडली विचारलं. कुणालाच येईना. मी उभी राहिले आणि तोंडातून धाडधाड सगळं आलं. सर इतके खूश झाले."

"काय आलं?" बाईंनी विचारलं.

जानकीने म्हणून दाखवलं. अकुशल महिला कर्मचारी. इनकी त्रुटियों के कारण. कुठे अडखळली नाही, मध्ये थांबली नाही, आणि म्हणताना बाईंकडे हसून बघत होती.

"आणि मी वर्गात शिकवलं होतं ते?"

पोरगी आठवायला लागली. मनापासून आठवत होती, कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "तुम्ही दोघी-दोघी बसायचात ना? हो, दोघी." मग जरा ओशाळून म्हणाली, "का बसायचात ते मात्र नाही आठवत काकू. क्यों बैठते थे?"

शकुंतलाबाईंनी पेढ्याचा खोका पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "घे, तूही एक घे."