गेटवरच्या फोनवरून मशीनला लावलेला कॉल

"मॅडम, मशीन बंद पडलं असतं तर बरं झालं असतं," देशमुख साहेब फोनवर म्हणाले. "चालू आहे. पण पुढं जाईना."

देशमुख साहेब चिकलठाण्याच्या एका कंपनीत प्लँट हेड. कंपनी जनावरांच्या लसी बनवते. मी कंट्रोल सिस्टिमची कामं करते, म्हणजे मशीनला आज्ञा देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मेंदूची. मुकुंदवाडीत माझं छोटं वर्कशॉप आहे. आजूबाजूच्या कारखान्यांतली जुनी मशीनं बिघडली की शेवटचा उपाय म्हणून मला बोलावतात. पहिला उपाय म्हणून अजून कोणी बोलावलेलं नाही.

मी स्कूटर काढली आणि सकाळीच पोचले.

मशीन म्हणजे फ्रीझ ड्रायर. पातळ लस काचेच्या बाटल्यांत भरायची, उणे चाळीसला गोठवायची आणि मग आतली हवा ओढून घ्यायची. बर्फाचं पाणी न होता सरळ वाफ होते आणि बाटलीच्या तळाशी पांढरी वडी उरते. ती वडी गावोगावी जाते. तिथं डॉक्टर ती पातळ करून टोचतात. ही बॅच शेळ्यांच्या लसीची होती.

पहाटे लाइटचा झटका आला होता. कंट्रोलरच्या मेमरीला आधार देणारी बॅटरी दुबळी झालेली, त्यामुळं अर्धा प्रोग्रॅम उडाला. गोठवण्याचा भाग शिल्लक, हवा ओढण्याचा भाग गायब. मशीन इमानदारीनं उणे चाळीस धरून उभं होतं आणि पुढं काय करायचं ते त्याला आठवत नव्हतं.

"हातानं पंप चालू केला तर?" देशमुख साहेबांनी विचारलं.

"बिलकुल नाही." हे शेख मॅडम म्हणाल्या. त्या क्वालिटीच्या प्रमुख. कमी बोलतात, पण त्यांचा शब्द शेवटचा. "औषधाची बॅच ठरलेल्या प्रोग्रॅमवरच वाळली पाहिजे. हातानं चालवली तर मी रिजेक्ट करीन. आणि गोठलेली लस किती वेळ ठेवायची त्यालाही लिमिट आहे. आज संध्याकाळपर्यंत. उसके बाद सब ड्रेन में."

देशमुख साहेब माझ्याकडं वळले. त्यांचं गाव अजिंठ्याच्या बाजूला. "आमच्याकडं साथ सुरू झालीय, मॅडम. एकेका वस्तीवर रोज शेळ्या पडायल्यात. ज्या बाईच्या घरात दोनच शेळ्या, तिनं काय करायचं? डॉक्टर लोक या लसीची वाट बघायलेत. दुसरी बॅच तयार व्हायला लई दिवस लागतील."

नवीन कंट्रोलर विकणाऱ्या कंपनीचा पुण्यातला इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर होता. त्यानं स्वच्छ सांगितलं, "मॅडम, हे मॉडेल बंद झालंय. बनवणारी कंपनीही बंद झालीय. आता यात कोणीच शिरू शकत नाही. नवा पॅनल टाका."

"किती दिवसांत बसेल?"

"ऑर्डर दिल्यापासून दोन-तीन महिने."

देशमुख साहेबांनी कॉल कट केला.

मी पॅनल उघडला. आत कोपऱ्यात एक काळी डबी दिसली, तिच्या मागं टेलिफोनची वायर लावायचं भोक. बघितल्याबरोबर ओळखली. मोडेम.

ज्यांनी डायल-अपचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर आकड्यांत बोलतो आणि टेलिफोनची तार फक्त आवाज नेते. मोडेम आकड्यांचा आवाज करतो, पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. पूर्वी इंटरनेट लावलं की जी किरकिर ऐकू यायची ती हीच. हे मशीन बनवणारे परदेशात बसून फोन लावायचे आणि याच मोडेममधून प्रोग्रॅम दुरुस्त करायचे. दुसऱ्या कोणी हात घालू नये म्हणून त्यांनी बाकीचे सगळे दरवाजे बंद ठेवले होते. प्रोग्रॅम आत जाणार तो फोनवरूनच.

"मशीनबरोबर एखादा लॅपटॉप आला होता का?" मी विचारलं.

स्टोअरमधून निघाला. विटेएवढा जाड, काळा. बॅटरी मेलेली, पण चार्जर लावल्यावर सुरू झाला. विंडोज नाइन्टी-एट. बनवणाऱ्यांचं सॉफ्टवेअर होतं आणि मशीनच्या मूळ प्रोग्रॅमची कॉपीही होती. शेख मॅडमनी त्यावरचा व्हर्जन नंबर आपल्या कागदांशी ताडून पाहिला. तोच होता.

मला वाटलं, अर्धं काम झालं. मग कळलं की लॅपटॉपचा आतला मोडेम जळालेला आहे. कधीतरी विजेचा लोळ टेलिफोनच्या तारेतून आत शिरला असणार.

अशा लॅपटॉपला कुशीत एक सपाट खाच असते. तिच्यात एटीएम कार्डाच्या आकाराचं, पण जरा जाड मोडेम कार्ड बसतं. असं कार्ड शेवटचं मी कधी पाहिलं होतं तेही आठवेना. मी औरंगपुऱ्याला खालिदभाईंकडं गेले. ते जुने कॉम्प्युटर तोडून सुटे भाग विकतात.

"मोडेम कार्ड?" खालिदभाई हसले. "मॅडम, ये तो म्यूझियम का माल है. लोगां तो नाम बी भूल गये."

तरी त्यांनी एक पत्र्याचा डबा आणला. त्यात दोन कार्डं निघाली. एक चकचकीत होतं, त्याच्या टोकाला सोनेरी पट्टी. दुसरं कळकट, बिनापट्टीचं.

"ये अच्छा है, फास्ट है," ते चकचकीत पुढं करत म्हणाले.

"नको. ते कळकट द्या."

कारण सांगते. सोनेरी पट्टीची कार्डं नंतरच्या काळातली. त्यातली बरीच मोडेमचं अर्धं काम कॉम्प्युटरकडून करून घेतात आणि त्यासाठी त्यांचं खास सॉफ्टवेअर लागतं. ते आता कुठून आणणार? बिनापट्टीचं कार्ड हळू चालतं, पण स्वतःचं काम स्वतः करतं. कार्डातून फोनच्या तारेकडं जाणारी वीतभर केबल मात्र गायब होती. ती नसेल तर कार्ड बिनकामाचं. खालिदभाईंनी तीन डबे जमिनीवर ओतले. आम्ही दोघं उकिडवे बसून शोधत राहिलो. सापडली तेव्हा त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

परत आले आणि कार्ड खाचेत सरकवलं. दोनदा टुक टुक असा आवाज आला. हा आवाज म्हणजे लॅपटॉपनं कार्ड ओळखल्याची खूण. मी चाचणीसाठी 'एटी' असं टाइप केलं. एटी म्हणजे अटेन्शन, मोडेमला सावधान म्हणायचं. उत्तर आलं, 'ओके'.

पण बनवणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरला कार्ड दिसेचना. कॉम्प्युटरमध्ये अशा उपकरणांना पोर्ट नंबर मिळतो, घराला मिळतो तसा. सॉफ्टवेअरला एक आणि दोन एवढेच नंबर माहीत. कार्डाला मिळाला होता तीन. दोन नंबर अडवून बसलं होतं इन्फ्रारेड, जुन्या काळी बिनतारी फायली पाठवायची सोय. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन मी ते बंद केलं आणि कार्डाला दोन नंबरच्या घरात नेऊन बसवलं. आता दिसलं.

पुढचा प्रश्न होता फोनचा. कंपनीत फोन नवीन, इंटरनेटच्या वायरवर चालणारे. एक कन्व्हर्टर होता, तो लावून पाहिला. मशीननं फोन उचलला, किरकिर सुरू झाली आणि मध्येच तुटली. तीन वेळा तेच झालं. नवीन फोन आवाज कापून, दाबून पाठवतात. माणसाला चालतं, कारण माणूस अर्धा शब्द ऐकून पुरा समजतो. मोडेमला शब्द पुराच लागतो, म्हणजे जुनी तांब्याची तारच हवी.

दुपार कलायला लागली होती. शेख मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. एवढ्या जवळ येऊन आता तांब्याच्या दोन तारांसाठी अडायचं?

"साहेब, गेटवर आतून फोन कसा लावतात?" मी विचारलं.

"तो जुना इंटरकॉम. गेट ते स्टोअर. तेवढाच राहिलाय."

मी जवळजवळ पळतच सुटले. सिक्युरिटी केबिनच्या भिंतीवर जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची करडी पेटी होती, आतला दिवा लुकलुकत होता. तांब्याच्या तारा, अस्सल आवाज. मशीन बसवताना त्याच्या खोलीपर्यंत ओढलेली तार पेटीत सोडून दिलेली होती. कंपनीच्या इलेक्ट्रिशियननं मशीनच्या टोकाकडून तारेत आवाज सोडून ती शोधली, मी चोवीस नंबरच्या खुंटीला जोडली. आता गेटवरून चोवीस लावला की मशीनच्या पोटातला मोडेम वाजणार. बाहेरच्या लाइनीची गरजच नव्हती.

गेटवर बनसोडे ड्युटीला होते. माझ्याच वस्तीतले, वडिलांच्या वयाचे.

"जय भीम, ताई. काय धावपळ चाललीय?"

"जय भीम, काका. तुमचा फोन थोडा वेळ मला लागतोय. आणि टेबलसुद्धा."

त्यांनी जेवणाचा डबा उचलून टेबल मोकळं केलं. मी लॅपटॉप मांडला, फोनची तार कार्डाच्या केबलला लावली आणि डायल केलं.

'नो डायल टोन.'

रिसीव्हर कानाला लावला तर टोन चांगला येत होता. पण इंटरकॉमचा टोन बाहेरच्या फोनपेक्षा वेगळा असतो. मोडेम त्याला ओळखत नव्हता, म्हणून नंबरच फिरवत नव्हता. यावर औषध मला पाठ होतं. 'एटी एक्स थ्री'. म्हणजे, बाबा, टोन ऐकू येवो न येवो, तू सरळ नंबर लाव. सोबत वेग सगळ्यात खालचा ठेवायची आज्ञा दिली. मला घाई होती, तारेला नव्हती.

पुन्हा डायल केलं. घंटी वाजली. पलीकडं उचललं गेलं. आधी लांब शिट्टी, मग खरखर, मग जणू कोणी पत्र्यावर वाळू ओततंय असा आवाज. तो अचानक थांबला.

'कनेक्ट.'

मी ओरडलेच. देशमुख साहेब दारात होते, त्यांनी चौकट घट्ट धरली. शेख मॅडम खुर्चीच्या मागून वाकून पाहत होत्या.

"आता पाठवू?" मी विचारलं. "एक गोष्ट सांगून ठेवते. हे सॉफ्टवेअर आधी जुना प्रोग्रॅम पुसतं, मग नवा लिहितं. मध्येच लाइन तुटली तर मशीनकडं काहीच उरणार नाही. थंडावासुद्धा."

देशमुख साहेबांनी शेख मॅडमकडं पाहिलं.

"न पाठवता पण बॅच जाणारच आहे ना?" त्या म्हणाल्या. "भेजो."

आधी मी नुसतीच लाइन धरून ठेवली, मशीनचं तापमान वाचत बसले. उणे चाळीस. उणे चाळीस. लाइन हलली नाही. मग एंटर दाबलं.

पट्टी सरकायला लागली, अगदी मुंगीच्या पावलानं. तेवढ्यात गेटवर एक ट्रक आला आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला. बनसोडे काका बाहेर गेले. त्यांचा आवाज आत ऐकू आला, "गप की! आत मशीनीशी बोलणं चाललंय. लाइन तुटंल."

"मशीनीशी?"

"व्हय, मशीनीशी. हॉर्न मारू नको."

हॉर्ननं लाइन तुटत नाही. पण मी काकांना थांबवलं नाही. पाचेक मिनिटं गेली. पट्टी भरली. सॉफ्टवेअरनं पाठवलेलं आणि पोचलेलं ताडून पाहिलं. एकूणएक अक्षर जुळलं. शेख मॅडमनी स्क्रीनवरचा तपासणीचा आकडा स्वतः वाचला, कागदावरच्या आकड्याशी मिळवला आणि म्हणाल्या, "ओके."

आत मशीनसमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरला देशमुख साहेबांनी मोबाइल लावला. "स्टार्ट दे." मोबाइल स्पीकरवर होता. आधी नुसती शांतता. मग व्हॅक्यूम पंपाची घरघर आली, जड आणि एकसारखी.

"साहेब, चाललं की! प्रेशर उतरायलंय!" ऑपरेटर ओरडत होता.

शेख मॅडमनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. इतकी वर्षं त्यांना ओळखते, त्यांना असं मोठ्यानं हसताना मी तेव्हाच पाहिलं. देशमुख साहेब बाहेर गेले आणि त्या ट्रक ड्रायव्हरला चहा पाजा म्हणाले. मी खुर्चीवरच बसून होते. छाती अशी फुलली होती की विचारू नका.

बॅच नीट वाळली, सगळ्या तपासण्यांत पास झाली. काही दिवसांनी देशमुख साहेबांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. एक बाई शेळीची मान धरून बसलीय, डॉक्टर सुई टोचतायत आणि शेळी कॅमेऱ्याकडं रागानं बघतेय. मी तो वर्कशॉपमध्ये लावलाय.

कंपनीनं मेमरीची बॅटरी बदलली. नवा पॅनल आता सावकाश, ठरवून बसणार आहे आणि ते काम माझ्याकडं आलंय. पुण्याच्या त्या इंजिनिअरचाही फोन आला होता. त्याच्या दुसऱ्या एका ग्राहकाकडं असंच मशीन अडलंय. त्यानं अदबीनं विचारलं, "मॅडम, ते कार्ड कुठं मिळतं?" मी त्याला खालिदभाईंचा पत्ता दिला आणि सोनेरी पट्टीचं घेऊ नको म्हणून बजावलं.

मशीन विकत घेताना सगळे विचारतात, किती वेगानं चालतं. बिघडल्यावर ते कोणाचं ऐकतं, हे विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.