आईचा अंगठा आणि काचेच्या बांगड्या

काल पाटोद्याला आमच्या घरी कासारीण येऊन गेली. धाकट्या भावाचं लग्न आहे, घरातल्या बायकांनी बांगड्या भरल्या. सगळं नीट झालं... आणि तरीही मी अजून चिडलेली आहे.

दिवाळीनंतर आई अंगणात घसरून पडली. मनगट मोडलं. प्लास्टरआधी हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या. ती रडली ती तेव्हा, हाडासाठी नाही.

प्लास्टर निघालं तर हात तिचा वाटेना. मनगट बारीक, कातडी कोरडी, बोटं अर्ध्यात अडलेली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पण हलवला नाही तर हात असाच राहील.

बीडला फिजिओथेरपीच्या मॅडमनी नीट समजावलं. बोटं ओढणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत येतात. हात नुसता ठेवला की त्या चिकटतात, कातडीही आवळते... मग हाड कितीही पक्कं असो. अंगठ्याचं टोक करंगळीच्या मुळाशी न्यायचं, रोज, दुखलं तरी.

आईने मान डोलावली. एसटीत बसल्यावर म्हणाली, "लई दुखतंय," आणि हात गळ्यातल्या झोळीत घातला.

भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगायची, "हलवू नका बरं का अक्का, हाड सरकंल." हा सल्ला आईला फार पटायचा. चहा मी करायचे.

बीडला माझ्या घरी परतल्यावर मी फोनवर विचारायचे, केलं का? "केलं की." मागून वडील, आमचे आबा, ओरडायचे, "खोटं बोलतीय ती!"

लग्न ठरलं. मी पेचाच्या, उघडून घालायच्या बांगड्या आणल्या. त्या डबीतच राहिल्या. वरमाईच्या हातात काच हवी. मोठ्या मापाच्या घे म्हटलं, तर म्हणाली, "कोपरापर्यंत घरंगळत्याल. आजारी दिसू का मी लग्नात?"

शेवटी तिला कासारणीच्या दुकानात नेलं. कासारणीने हात मांडीवर घेतला. बांगडी चढवताना अंगठा तळहातात दुमडावा लागतो, हाडं जवळ यावी लागतात, मांस सैल सोडावं लागतं, कातडी सरकावी लागते. एक अडलं तरी काच फुटते. आईचं सगळंच अडलं होतं.

कासारणीने बांगडी खाली ठेवली. "न्हाई अक्का, मी न्हाई घालायची. लग्नाच्या तोंडावर वरमाईच्या हातात बांगडी फुटली तर माझं नाव खराब व्हईल."

"आगं, जोर लाव की जरा."

"जोर लावून काय? तुमचा आंगठाच आत येईना. आंगठा आत आला की मला बोलवा."

अंगठा आत. मॅडम हेच म्हणाल्या होत्या. मी हेच म्हणत होते, रोज, फोनवर... मी छताकडे बघत उभी राहिले.

त्या संध्याकाळपासून आईने स्वतःच अंगठा दुमडायला घेतला. गरम पाणी, तेल, पुन्हा अंगठा. डोळ्यांतून पाणी, पण थांबेना. आबा घाबरले. "दमानं गं, हात उपटून घेतीस का?"

बायका आल्या, हलवू नका म्हणाल्या. आई म्हणाली, "लगीन माझ्या घरी हाय का तुमच्या?"

काल कासारणीने पुन्हा तो हात घेतला. अंगठा आत वळवला. आईने डोळे मिटले. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली... आणि सरकली.

बांगड्या भरून झाल्यावर कासारणीला नमस्कार करतात. आईनेही केला. दोन्ही तळहात एकमेकांना पूर्ण टेकले. पडल्यापासून पहिल्यांदाच.

मॅडमना फोन करून सांगितलं. त्या खूप हसल्या. मला अजून तेवढं हसू येत नाही. पण कासारीणबाई, तुम्ही त्या दिवशी जोर लावला नाहीत... त्याबद्दल मनापासून आभार.